अंशाखालचा छेद

गणिताच्या शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा विद्यार्थी व्हावे, हा उपक्रम आपल्या देशात १९६३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अमेरिकी साहाय्याने हाती घेतला. नमुना अमेरिकेतलाच, १९५३ चा; १९५७ च्या स्पुटनिकने त्याला तेथे वेग दिला होता.

मी मराठीचा अध्यापक. मला कुतूहल शब्दांचे. ‘नवे गणित’ इंग्रजीतून आले, पण मराठी शाळांत ते संच, उपसंच, संयोग, छेद अशा शब्दांनी सांगावयाचे होते. त्यांतील ‘छेद’ तर अपूर्णांकातला जुना रहिवासी! परिभाषेचे श्रेय कोशकारांना मिळते. ती मुलांच्या गळी उतरविणाऱ्या शिक्षकाची आठवण कोणी काढत नाही, हे मला अन्याय्य वाटते. अंशाखालचा छेद निराळा आणि दोन संचांचा निराळा, हे त्यालाच फळ्यावर दोन वर्तुळे काढून, त्यांचा सामाईक भाग खडूने भरून दाखवावे लागे.