ती वीज खरेच निरभ्र आकाशातून पडली?

डिसेंबर उजाडला की आमच्या घरी मुक्तिदिनाच्या निबंधाची धांदल सुरू होते. मागच्या डिसेंबरात धाकट्या लेकीने आपल्या इंग्रजी निबंधाचे पहिलेच वाक्य मला वाचून दाखवले. गोव्याची मुक्ती म्हणे 'बोल्ट फ्रॉम द ब्लू'सारखी आली! हा वाक्प्रचार ती शाळेत नुकताच शिकली होती आणि कुठेतरी वापरायला तिचे हात शिवशिवत होते. आकाश निळेभोर, ढगाचा टिपूस नाही आणि अचानक वीज पडावी, तसे काही घडले की इंग्रजीत असे म्हणतात. आपण 'ध्यानीमनी नसताना' म्हणतो ना, साधारण तेच.

"बरोबर आहे ना, बाबा?" तिने विचारले. मी सवयीने "हो" म्हणून मोकळा झालो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य खटकू लागले. ती वीज खरेच निरभ्र आकाशातून पडली होती का?

अक्षरशः अर्थ घ्यायचा तर हो. डिसेंबरातले आपले आकाश निळेच असते. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी याच आकाशातून भारतीय विमाने आली. दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र ही त्यांची लक्ष्ये होती. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. १५१० मध्ये आफोन्सु द आल्बुकेर्कने घेतलेला गोवा ४५१ वर्षांनी अवघ्या दोन दिवसांत सुटला. लेकीच्या पुस्तकात हेच दोन दिवस आहेत. म्हणून तिला तो विजेचा लोळ वाटला, यात तिचा काय दोष?

पण ढग केव्हापासून जमत होते पाहा. १९२८ मध्ये त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात जाहीर सभेची बंदी मोडली. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली सुटली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत आले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पत्रादेवीचे स्मारक आजही त्याची साक्ष देते. त्यानंतर रेल्वे थांबली, सीमा बंद झाली. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि जपानचे सिमेंट येऊ लागले. वर्तमानपत्रेच काय, लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जायच्या. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर गोळीबार झाला. लिस्बनमध्ये सालाझारलाही सारे दिसत होते. त्याने १४ डिसेंबरला वासालु इ सिल्वांना कळवले की शरणागती नाही, जिंकायचे किंवा मरायचे. त्यांनी ते मानले नाही, हे आपले नशीब. त्यापायी त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकण्यात आले. पोर्तुगालात १९७४ ची क्रांती झाल्यावरच त्यांना गेलेला मान परत मिळाला.

म्हणजे आकाश निरभ्र मुळीच नव्हते. गडगडाट तर पंधरा वर्षे चालू होता. मग वीज अशी कुणावर पडलीच नाही का? पडली. ती मला माझ्याच घरात सापडली.

माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत कारकून होते. त्यांच्या कचेरीत 'अमानुएंस' म्हणत. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना सरकारी नोकरीची दारे उघडली आणि पुढे त्यातूनच आमच्या घरात ही नोकरी आली. घरी गुरुजींकडे मराठी, शाळेत 'सेगुंद ग्राव'पर्यंत पोर्तुगीज. अक्षर मोत्यासारखे. राजवटीवर त्यांचे प्रेम नव्हते. १९ डिसेंबरला गावात जी माणसे रस्त्यावर येऊन नाचली त्यांत आजोबाही होते, असे आजी सांगायची.

आनंद ओसरला आणि कचेरीचे कामकाज इंग्रजीतून सुरू झाले. बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी टेबलावर कागद ठेवत आणि आजोबा नुसते बघत राहत. एकोणचाळिसाव्या वर्षी, वीस वर्षांच्या नोकरीनंतर, ते आपल्याच कचेरीत निरक्षर झाले! रात्री कंदिलाच्या उजेडात ते माझ्या वडिलांच्या शाळकरी पुस्तकातून इंग्रजी शिकत. वडील अकरा वर्षांचे, ते चुका काढायचे. आजोबा निमूटपणे पुन्हा लिहायचे. पुढे ते इंग्रजी टिपणे लिहू लागले, निवृत्तही सुखाने झाले. पण त्या दोन वर्षांबद्दल स्वतः कधी बोलले नाहीत. मला हे सगळे वडिलांकडून कळले.

नाण्याचीही तीच गत. १९५९ पर्यंत रुपिया होता, मग एश्कुद आला, १९६२ मध्ये भारतीय रुपया. तीनेक वर्षांत तीन हिशेब. पण नाणे बदलले तर आठवड्यात हाताला सवय होते. ज्यांचे दागिने बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुकडे गहाण होते, त्यांचा घोर मात्र मोठा होता. ते सोने मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला गेले ते १९९१ मध्ये परत आले. मंगळसूत्र गहाण ठेवणाऱ्या किती बायका तोवर हयात राहिल्या असतील?

आणि गंमत बघा. कचेरीची भाषा बदलली, पण कायदा बदलला नाही. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे, ते रद्द किंवा दुरुस्त होईपर्यंत, चालू ठेवले. त्यामुळे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे राहिली. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की देशभर गोव्याचे नाव घेतले जाते ते त्यामुळेच. तिच्यातला वारसाहक्काचा भाग आपल्या विधानसभेने २०१२ साली केलेल्या कायद्यात आला, तोवर मुक्तीला अर्धशतक उलटले होते. तेवढा काळ कायदा पोर्तुगीज, कचेरी इंग्रजी आणि समोरचा माणूस कोंकणी-मराठी बोलणारा, असा हा त्रिकोण!

मी त्याच त्रिकोणात रोज बसतो. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारी बाई प्लास्टिकच्या पिशवीत जपून बांधलेला कागद घेऊन आमच्या कचेरीत आली. सासऱ्याच्या नावाचा 'आल्वारा'. त्यावर शिक्का, तिकीट, सुबक अक्षर, सगळे होते. घराखालची जमीन आपली आहे हे त्यात लिहिले आहे, एवढेच तिला ठाऊक. मी कागद हातात घेतला आणि मला एक ओळ वाचता येईना. अक्षर थेट आजोबांच्या वळणाचे! आजोबांनी तो एका दमात वाचला असता. त्या क्षणी त्यांनी १९६२ मध्ये काय सोसले असेल ते मला प्रथमच कळले. मी बाईंना चहा पाजला, पोर्तुगीज जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे पाठवले. भाषांतर होऊन आले, काम झाले. "देव बरें करूं" म्हणून ती गेली. पण तो शिक्षक आज ऐंशीच्या पुढे आहे. त्याच्यानंतर कोण?

वाचकहो, हे आपल्याकडे पहिल्यांदा घडत नाही. आपल्या गावकऱ्यांचे जुने दप्तर गोंयकानडी लिपीत होते, देवळांचे आणि घरांचे कितीतरी कागद मोडीत. ते वाचणारे आज बोटांवर मोजण्याइतके. आता पाळी पोर्तुगीजची. मुक्ती हवी होती, तिच्यासाठी माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. तिच्याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. माझे म्हणणे इतकेच की राज्य बदलायला तयारी पंधरा वर्षे झाली आणि दप्तराची भाषा बदलायला पंधरा दिवसांचीही झाली नाही. खरा धक्का बसला तो इथे.

असो. दुसऱ्या दिवशी लेकीला मी आजोबांची गोष्ट सांगितली. तिने थोडा विचार केला आणि ते वाक्य खोडले. मग म्हणाली, "पण वाक्प्रचार छान आहे, बाबा. मी तो पणजोबांसाठी ठेवते." निबंधात तिने तसेच लिहिले. बाईंनी दहापैकी सात गुण दिले आणि समासात लिहिले, 'विषय सोडून'.

कपाटात आजोबांची एक पोर्तुगीज वही आहे. लेक हल्ली ती काढून बसते, कोश घेऊन एकेक शब्द लावते. पहिले पान झाले आहे. त्यावर घरच्या तांदळाचा हिशेब निघाला.