आराखड्यातून निसटलेले वार्धक्य

धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात असताना, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा सरकारपुढे ठेवला. दर ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे आणि तेथे २ डॉक्टर, ४ आरोग्य परिचारिका व ४ सुइणी असाव्यात, अशी त्यात योजना होती. रोख होता माता, बालके आणि साथीचे रोग यांवर. तो योग्यच होता, कारण त्या काळचे सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. अर्थात ही सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली. वाड्यावाड्यांतून ऐंशीची आजी होतीच. पण तिची शुश्रूषा हा सरकारचा नव्हे, सुनांचा विषय मानला गेला, आणि त्या अलिखित कलमावरच व्यवस्था उभी राहिली.

१९५६ मध्ये धारवाड म्हैसूर राज्यात गेले. पुढच्याच वर्षी हुबळीस वैद्यकीय महाविद्यालय आले. साथी आटोक्यात आल्या, आयुष्य वाढले. वृद्धांचे प्रमाण ७ वरून १४ टक्क्यांवर जाण्यास फ्रान्सला ११५ वर्षे लागली होती. विकसनशील देशांना तेवढी उसंत नाही, आणि श्रीमंत होण्याआधीच त्यांना म्हातारे व्हावे लागत आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे दहा कोटींवर गेली होती. ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण मात्र १९९९ चे आणि त्यांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० चा.

या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष आहे, प्राथमिक केंद्रात आठवड्याचा दवाखाना आहे, अंथरुणास खिळलेल्यांसाठी गृहभेटीही आहेत. कागद उत्तम आहे. परंतु गुडघे धरलेली व्यक्ती आठवड्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचावी कशी? मुले पुण्याला वा बंगळूरला, आणि पिढ्यान्पिढ्या येथे रुजलेल्या, कन्नड सहज बोलणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना उतारवयात परक्या गावी जायचे नसते. स्मृतिभ्रंश झाला तर परिस्थिती अधिकच बिकट. धारवाडात १८४५ पासून मनोरुग्णालय आहे, आज ती मोठी संस्था झाली आहे. तरी रात्री उठून दार उघडणाऱ्या आजोबांस सांभाळावे लागते ते घरातच.

२०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षण मिळाले. ते स्वागतार्ह आहे, पण ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. म्हातारपणाचे दुखणे बहुधा दाखल होण्यापूर्वीचे आणि घरी परतल्यानंतरचे असते. तेथे हवी ती दारी येणारी परिचारिका. प्रसूतीसाठी आणि बाळासाठी तशी ती येऊ शकते, हे भोर समितीने १९४६ सालीच गृहीत धरले होते.