आजार लपतो तो भीतीपोटी

परवा एसटी स्टँडवर ओळखीचा एक जण भेटला. टीबीच्या गोळ्या त्याला गावच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरी हा गडी दुसऱ्या तालुक्याला जाऊन विकत आणतो. का? "पोरीचं लग्न ठरायचंय. गावात कळलं तर?"

औषध आहे, डॉक्टर आहे, तरी आजार लपतोय. आपल्याकडं हे नवं नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात. पुण्याचा बंदोबस्त रँडकडं दिला. हा रँड आधी आपल्या साताऱ्यात अधिकारी होता. मार्च १८९७ पासून गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घ्यायला लागले. बायाबापड्यांची चारचौघांत तपासणी, सामानाची होळी, रोग्याची छावणीत रवानगी. रोग्याला वेगळं ठेवणं चूक नव्हतं. पण ज्या रीतीनं ठेवलं, त्यानं लोकांना प्लेगपेक्षा सोजीराचीच भीती जास्त वाटायला लागली. लोक आजारी माणूस लपवायला लागले, मयतही लपवलं. २२ जूनला चापेकरांनी रँडला गोळी घातली.

त्याच मार्चमध्ये, त्याच पुण्यात सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक, सावित्रीबाई फुले, प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका पोराला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथं आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रोगी तोच, रोग तोच. पण एकीकडं दार बंद व्हायचं, दुसरीकडं उघडायचं.

पुढं शंभर वर्षांनी हेच सांगलीत दिसलं. एड्सची धास्ती होती तेव्हा, १९९२ साली, मीना शेषू यांनी 'संग्राम' संस्था सुरू केली. निरोध वाटायचं, समजावून सांगायचं काम वेश्यावस्तीतल्या बायकांनीच हातात घेतलं. धाड नाही, उपदेश नाही. आपलीच बाई सांगतेय म्हटल्यावर ऐकलं गेलं. १९९६ ला त्यांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली.

टीबीचा कोर्स निदान सहा महिन्यांचा. मध्येच सोडला तर आजार चिवट होतो, आणि घरच्यांनाही धोका. म्हणजे गावाच्या कुजबुजीची किंमत शेवटी गावच मोजतं.

तेव्हा मंडळी, उद्या शेजारी कुणी गोळ्या घेताना दिसला तर "काय झालंय रे?" म्हणून चौकात चर्चा करू नका. "जेवलास का?" एवढं विचारा. बरं व्हायला त्याचीही मदत होते.