नाताळानंतरची ठासणी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम डिसेंबरात उरकतो. आधुनिक रायफली घेऊन निघालेले लाखो शिकारी घरी परततात. नाताळ झाला की बर्फ पडलेल्या त्याच रानात पुन्हा माणसं शिरतात, पण आता त्यांच्या खांद्यावर ठासणीची बंदूक असते. तीही साधी नाही, चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, नळीत काळी दारू, आणि एका वेळी एकच गोळी. दुसरा बार हवा असेल तर उभ्याउभ्या पुन्हा दारू ओतायची, गोळी ठेवायची आणि गजाने ठासायची. तोवर हरीण पलीकडच्या डोंगराला लागलेलं असतं.

पाहणाऱ्याला ही चाल अडीचशे वर्षं अखंड चालत आली आहे असं वाटतं. प्रत्यक्षात हा हंगाम सुरू झाला १९७४ साली. बंदूक जुनी आहे, हरीण त्याहून जुनं आहे, मात्र दोघांची हिवाळ्यातली ही गाठ कायद्याने घालून दिलेली आहे. ती पडण्याआधी बंदूक आणि हरीण दोन्ही या रानातून जवळजवळ नाहीशी झाली होती.

आधी बंदुकीचं कूळ. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून आलेले कारागीर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या परिसरात वसले. त्यांच्याबरोबर ‘येगर’ ही त्यांच्याकडची शिकारी रायफल आली. आखूड नळी, आत पिळदार आटे, आणि जाड गोळी. पण इथलं रान वेगळं होतं. शिकारी महिनोन्‌महिने बाहेर राहत आणि शिसं-दारू पाठीवर वाहत. साठ कॅलिबरची, म्हणजे ०.६० इंच व्यासाची गोळी ओतली तर एक पौंड शिशात जेमतेम बावीस गोळ्या होतात. पंचेचाळीस कॅलिबरची ओतली तर पन्नासावर. म्हणून नळीचं भोक अरुंद झालं आणि नळी लांबत लांबत चाळीस इंचांपुढे गेली. गोळी आट्यांत घट्ट बसावी म्हणून तिला चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासत. दस्ता मेपलच्या लाटदार रेघांच्या लाकडाचा, आणि त्यात कापडाचे तुकडे ठेवायला पितळी झाकणाची खोबण. लँकेस्टरच्या जेकब डिकर्टसारख्या कारागिरांनी या रायफलीला असा घाट दिला की आज संग्रहालयांत तिच्यापुढे माणसं थबकतात.

चकमकीचा चाप त्याहून जुना, सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये रूढ झालेला. मारँ ल बूर्ज्वा या कारागिराचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. त्याआधी तोड्याची बंदूक होती. मराठी वाचकाला ही यंत्रणा परकी वाटू नये, कारण तोडा, रंजक, कान, गज हे सगळे शब्द आपल्याकडे लष्करी व्यवहारात मुरलेले होते आणि कोकणात ठासणीची बंदूक शेताच्या राखणीला अगदी अलीकडेपर्यंत घराघरांत होती. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या रंजकावर, म्हणजे चापाजवळच्या चिमूटभर दारूवर पडतात, आणि रंजकाचा जाळ नळीच्या कानातून आतल्या दारूपर्यंत पोचतो. ती दारू सोरा, कोळसा आणि गंधकाची. अठराव्या शतकात युरोपला जाणाऱ्या सोऱ्याचा फार मोठा वाटा बिहारमधून निघत असे.

या यंत्रणेचा अंत एका शिकाऱ्याच्याच तक्रारीतून सुरू झाला. स्कॉटलंडमधले पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजक पेटल्याचा उजेड दिसताच पक्षी गोळी पोचण्याआधी सटकत. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आघाताने पेटणारी रसायनं वापरली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे तांब्याची टोपी आली, मग धातूचं काडतूस, मग एकामागून एक बार काढणाऱ्या रायफली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चकमक अडगळीत गेली.

त्याच काळात हरणंही संपत आली. पेनसिल्व्हेनियाची जंगलं लाकडासाठी सपाट झाली आणि मांस बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली. १८९५ मध्ये राज्याने वन्यप्राण्यांसाठी ‘गेम कमिशन’ नेमलं. १९०६ मध्ये मिशिगनहून पांढऱ्या शेपटीची हरणं विकत आणून रानात सोडली. पुढच्याच वर्षी माद्या मारायला बंदी आली. तोडलेल्या जंगलात कोवळी झुडपं माजली होती, त्यामुळे हरणांना चाऱ्याची ददात नव्हती. पुढच्या काही दशकांत ती इतकी वाढली की आता प्रश्न त्यांना आवरण्याचा झाला.

बंदुकीला माघारी आणलं ते हौशी माणसांनी. १९३३ मध्ये ठासणीच्या रायफलींवर प्रेम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि नेमबाजीच्या स्पर्धा भरू लागल्या. १९५४-५५ मध्ये डिस्नेच्या दूरचित्रवाणी मालिकेतून लांब रायफलीसाठी प्रसिद्ध असलेला शिकारी डेव्ही क्रॉकेट घरोघरी पोचला. १९७० मध्ये थॉम्पसन/सेंटर कंपनीने ‘हॉकेन’ नावाची नवी ठासणीची रायफल बाजारात आणली. आता मागणी आली ती शिकारीसाठी वेगळे दिवस मिळावेत म्हणून. १९७४ चा पहिला हंगाम फक्त तीन दिवसांचा होता, तोही राज्याच्या मालकीच्या निवडक ३७ शिकारक्षेत्रांत. दोन हजारांहून थोडे अधिक शिकारी उतरले आणि ६५ हरणं पडली.

हा आकडा लहान का, ते हिवाळ्यात कळतं. काळ्या दारूला ओल खपत नाही. झाडावरून बर्फाचा एक गोळा रंजकावर पडला की गारगोटी नुसती खट्‌ वाजते. म्हणून चापावर कातड्याचं झाकण बांधतात आणि रंजक दिवसातून अनेकदा बदलतात. बंदूक उबदार खोलीत आणत नाहीत, कारण थंड नळीला दव सुटतं. हरणंही आता महिनाभराच्या गोळीबाराने शहाणी झालेली असतात आणि हेमलॉकच्या दाट सावलीत किंवा लॉरेलच्या जाळीत दडून बसतात. म्हणून पुष्कळदा चार-सहा जण मिळून हाका करतात. बार काढायचा तो पन्नास-साठ यार्डांच्या आत. चापानंतर क्षणभर उशिरा गोळी सुटते; तेवढा वेळ नेम ढळू द्यायचा नाही, ही या विद्येची खरी कसोटी. मग समोर पांढऱ्या धुराचा पडदा. धूर विरल्यावर बर्फ कामाला येतो. त्यावरचा माग आणि रक्ताचे थेंब पाहून जखमी हरणापर्यंत पोचता येतं, आणि तिथवर जाणं हे शिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

१९८५ मध्ये मिसुरीच्या टोनी नाइट यांनी ‘इन-लाइन’ ठासणीची रायफल काढली. त्यात पेटवण सरळ दारूच्या मागे असते, दुर्बीण बसते आणि पल्ला कितीतरी वाढतो. अनेक राज्यांनी ती आपल्या ठासणीच्या हंगामात येऊ दिली. पेनसिल्व्हेनियाने ऑक्टोबरात तिला वेगळे दिवस दिले, पण हिवाळा चकमकीसाठीच राखला: ४४ कॅलिबर किंवा अधिक, एकच गोळी, आणि दुर्बीण नाही. हा निर्णय योग्यच होता. हिवाळ्यात इन-लाइन चालली असती तर तो मुख्य हंगामाचाच लांबलेला शेवट ठरला असता. चकमकीची अट राहिल्यामुळे लँकेस्टरच्या पद्धतीने नळी आणि चाप बनवणाऱ्या कारागिरांना आजही गिऱ्हाईक आहे, आणि गारगोटी कशी धरावी, रंजक किती घालावं हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे रानातच जातं.