गरोदर मातेची कॅल्शियमची गोळी : कधी, किती, कशी घ्यावी?

चिकलठाणा : गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून दोन गोळ्या मिळतात, रक्तवाढीची (लोहाची) आणि कॅल्शियमची. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी नीट लागत नाही.

कशाला लागतं? जन्मापर्यंत बाळाच्या हाडांत सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम जमतं, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. जेवणात कॅल्शियम कमी असेल तर गोळीमुळे गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराचा धोकाही घटतो.

किती, कधी? १४ आठवडे झाल्यापासून रोज ५०० मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या. एक सकाळच्या, एक रात्रीच्या जेवणासोबत. लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी. मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

बाळंतपणानंतर? बाळंत झाली की गोळी बंद करू नका, सहा महिने चालू ठेवा. अंगावरच्या दुधातून रोज २०० ते ३०० मिलीग्रॅम कॅल्शियम जातं, त्यातलं काही आईच्या हाडांतून. बाळाचं दूध तुटल्यावर ही झीज बहुतेक भरून येते. लेकरामागे एक दात जातो, हे मात्र खरं नाही.

जेवणात काय? १०० ग्रॅम ज्वारीत ३० मिलीग्रॅमही कॅल्शियम नसतं, म्हशीच्या ग्लासभर दुधात २०० च्या वर असतं. तीळ, नाचणीही चांगली. सगळं दूध डेअरीला घालण्याआधी तिच्यासाठी ग्लासभर काढून ठेवा.

डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज आली तर लगेच दवाखाना गाठा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते.