महापौर कोणाचा? मतदाराचा की पक्षाचा?

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतलं मतदान यंत्र जरा डोळ्यांपुढे आणा. त्यावर कपबशी असते, पंखा असतो, शिट्टी असते. कमळ नसतं, पंजा नसतो, मशाल नसते, धनुष्यबाण नसतो. आपल्या राज्यात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही. तरी कपबशीचं पॅनेल कोणत्या पुढाऱ्याचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मग निवडणुकीत पक्ष असावा की नसावा? आणि गावाचा किंवा शहराचा प्रमुख लोकांनी थेट निवडावा की सदस्यांनी? हे प्रश्न आपल्यापुरते नाहीत, मोठमोठ्या शहरांनाही ते सुटलेले नाहीत. म्हणून आज मुंबईच्या महापौरपदाची गोष्ट सांगते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग ही नावं आपल्याला परकी नाहीत. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे आजे-पणजे तिथल्या गिरण्यांत राबले आणि मनिऑर्डरीवर इकडची घरं चालली. त्या वस्त्यांच्या मतांनीच मुंबईच्या महापालिकेचं राजकारण घडलं.

सुरुवात इंग्रजांच्या काळात झाली. १८७२ च्या कायद्याने मुंबई महापालिकेत ६४ सभासद ठरले. त्यातले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे. बाकीचे सरकारने आणि शहरातल्या मानकऱ्यांनी नेमायचे. कर भरणारा तोच मतदार. चाळीतला गिरणी कामगार कर भरत नव्हता, म्हणून त्याला मत नव्हतं. मग १८८८ चा कायदा आला. आजही मुंबई त्याच कायद्यावर चालते. त्यात कारभाराची चावी आयुक्ताच्या हाती दिली, आणि आयुक्त नेमतं सरकार. महापालिकेच्या प्रमुखाला तेव्हा अध्यक्ष म्हणत. सर फिरोजशहा मेहता चार वेळा अध्यक्ष झाले. १९३१ पासून अध्यक्षाला ‘मेयर’ म्हणू लागले आणि पहिला मान जे. बी. बोमन बेहराम यांना मिळाला. आपला ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडवला असं सांगतात.

त्या पहिल्या वर्षांतली नावं पाहा. १९३५ मध्ये के. एफ. नरिमन, मग जमनादास मेहता, मग एलिजा मोझेस, मग सुलतान चिनॉय. एक पारशी, एक हिंदू, एक ज्यू, एक मुसलमान. मुदत एका वर्षाची, आणि शहरातल्या सगळ्या समाजांना मान मिळत गेला. १९४२ मध्ये युसूफ मेहेरअली निवडले गेले तेव्हा तर ते तुरुंगात होते. तुरुंगातल्या माणसाला महापौर करून नगरसेवकांनी इंग्रज सरकारला आपलं मत सांगितलं. म्हणजे हे पद मानाचं असलं, तरी त्यातून बोलता येत होतं.

१९४८ मध्ये पहिल्यांदा प्रत्येक प्रौढ माणसाला महापालिकेसाठी मत मिळालं. आता लालबागचा कामगार, त्याची बायको, खाणावळ चालवणारी मावशी, सगळेच मतदार झाले. त्याचा परिणाम १९५७ मध्ये दिसला. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं. संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसच्या हातून महापालिका काढून घेतली. समिती म्हणजे एक पक्ष नव्हता. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरांच्या विचारांचे लोक, अशी ती मोट होती. तिने महापौर केले आचार्य मो. वा. दोंदे. परळला केईएम रुग्णालयात गेलात, तर बाहेरच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. पुढच्या वर्षी एस. एस. मिरजकर महापौर झाले. ते कामगारांचे कम्युनिस्ट पुढारी, इंग्रजांच्या काळात मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेलेले. ज्याला एकेकाळी मतही नव्हतं, त्या कामगाराचा माणूस त्या खुर्चीवर बसला.

१९६६ मध्ये शिवसेना निघाली. १९७१ मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते तिचे पहिले महापौर झाले, पुढे सुधीर जोशी आणि मनोहर जोशी झाले. पण तेव्हा महापालिका तिच्या एकटीच्या हाती नव्हती. दरवर्षी नवी जुळवाजुळव चालायची. १९८२ चा गिरणी संप बुडाला, गिरणगावातली घरं उद्ध्वस्त झाली. १९८५ मध्ये शिवसेना महापालिकेत सगळ्यात मोठी ठरली आणि छगन भुजबळ महापौर झाले. १९९२ मध्ये काँग्रेस आणि रिपब्लिकन एकत्र आले, तेव्हा चंद्रकांत हंडोरे महापौर झाले. १९९६ पासून २०२२ पर्यंत मात्र सगळे महापौर शिवसेनेचेच.

आता मुद्द्याकडे येऊ. मुंबईत महापौर मतदार निवडत नाही. तुम्ही तुमच्या प्रभागातला नगरसेवक निवडता. तो किंवा ती पक्षाच्या चिन्हावर उभी असते. मग २२७ निवडून आलेले सदस्य महापौर निवडतात. कोणाला मत द्यायचं, हा आदेश पक्षाकडून येतो. १९८६ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे आदेश मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकतं. म्हणजे मत आपलं, नगरसेवक पक्षाचा आणि महापौर पक्षाच्या बैठकीतला.

२०१७ चं उदाहरण घ्या. शिवसेनेचे ८४ आले, भाजपचे ८२. प्रचारात दोघं एकमेकांवर तुटून पडले होते. महापौर निवडायच्या दिवशी भाजपने शिवसेनेला पाठिंबा दिला आणि विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवक शिवसेनेत गेले. एकटादुकटा गेला असता तर पद जाण्याची भीती होती. सहा जण एकदम गेले, त्यांची पदं टिकली. ज्या बाईने रेल्वे इंजिनावर बोट दाबलं होतं, तिला कोणी विचारलं नाही.

अमेरिकेत कसं आहे? तिथल्या मोठ्या शहरांत बहुतेक ठिकाणी महापौर लोकच थेट निवडतात. पण पक्षाच्या बाबतीत शहराशहरात फरक आहे. न्यूयॉर्कमध्ये उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापलेला असतो. इतकंच नाही, पक्षाचा उमेदवार कोण हेसुद्धा आधी त्या पक्षाचे नोंदलेले मतदार मत देऊन ठरवतात. आपल्याकडे तिकीट बंद खोलीत ठरतं, तिथे ते मतपेटीतून ठरतं. शिकागो आणि लॉस एंजेलिसमध्ये मात्र महापौराच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. आपल्या ग्रामपंचायतीसारखं.

म्हणून पक्ष गेला का? नाही. शिकागोत १९३१ पासून आजपर्यंत एकाच डेमोक्रॅटिक पक्षाच्या माणसांनी महापौरपद सांभाळलं. मतपत्रिकेवरून पक्षाचं नाव काढलं, तरी मतदाराला कोण कुठला ते कळतंच. कपबशीमागचा पुढारी आपल्याला कळतो, तसंच.

शिकागोचीच एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७९ च्या जानेवारीत तिथे फार मोठा बर्फ पडला. रस्ते दिवसेंदिवस मोकळे झाले नाहीत, गाड्या अडकल्या. महिनाभराने पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान होतं. पक्षातली बडी मंडळी गादीवरच्या महापौरामागे होती. पण चिडलेल्या मतदारांनी जेन बर्न या बाईला निवडलं, आणि ती शिकागोची पहिली महिला महापौर झाली.

आता मुंबईचा २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. परळ-दादरच्या सखल भागात तर दर पावसाळ्यात पाणी भरतं. मुंबईकराला राग आला, तरी महापौराला थेट मत देऊन घरी बसवण्याची सोयच नव्हती. आणि बसवलं असतं, तरी नाले आयुक्ताच्या हाताखाली. मुंबईचा महापौर सभा चालवतो, शहराचा पहिला नागरिक म्हणून मान घेतो, पण ठेकेदाराचा चेक काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. पैशाचे मोठे निर्णय स्थायी समितीत होतात, अंमल आयुक्त करतो. त्या मानाने आपल्या गावची सरपंच बघा. ग्रामसेवकाबरोबर तिची सही लागते. मैत्रिणींनो, मुंबईच्या महापौराकडे नाही ते तुमच्याकडे आहे. म्हणून ती सही कोऱ्या चेकवर करायची नाही.

आता आपल्या बायकांचं काय झालं ते बघू. १९२३ मध्ये अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, सरोजिनी नायडूही गेल्या. अवंतिकाबाईंनी १९१८ मध्ये गिरगावात हिंद महिला समाज काढला होता. आधी बायकांची संघटना, मग सभागृह, असा त्यांचा रस्ता. तो आपल्या गटांच्या ओळखीचा आहे. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. दुसरी बाई त्या खुर्चीवर बसायला ३८ वर्षं लागली! १९९४ मध्ये निर्मला सामंत-प्रभावळकर महापौर झाल्या. मधल्या काळात कर्तबगार बाया नव्हत्या असं नाही. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या होत्या. पाण्यासाठी लढून मृणालताई ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. पण पक्षांच्या जुळवाजुळवीत बाईचं नाव पुढे येत नसे.

बदल झाला तो आरक्षणाने. १९९२ च्या निवडणुकीत बायकांना राखीव जागा मिळाल्या, पुढे २०१२ मध्ये त्या निम्म्या झाल्या. महापौरपदही सोडतीने बायकांच्या वाट्याला येऊ लागलं. दादरच्या विशाखा राऊत, मग डॉ. शुभा राऊळ, परळ भागातल्या श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, लोअर परळच्या किशोरी पेडणेकर. किशोरीताई पूर्वी परिचारिका होत्या. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या भीतीत त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. अधिकार थोडा असला, तरी खुर्चीवरच्या बाईने काय करायचं ते ती ठरवू शकते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली. निवडणूक वेळेवर झाली नाही आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. ते मांडलं गेलं आणि मंजूरही झालं, पण सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. गटाराची तक्रार घेऊन जायला लालबागच्या बाईला आपला माणूस नव्हता. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. पक्ष वाईट म्हणून आपण नाक मुरडतो, पण पक्षही नाहीत आणि निवडणूकही नाही, ही अवस्था त्याहून वाईट. नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी आपल्या दारात यावं लागतं.

मग आपण काय धरायचं? थेट निवडीने प्रमुख लोकांना बांधील राहतो, पण सदस्य एका पॅनेलचे आणि सरपंच दुसऱ्या पॅनेलची असं झालं की ठराव अडतात, हे आपण पाहतोच. सदस्यांतून निवड केली तर कारभार जुळतो, पण मताचा सौदा होऊ शकतो. म्हणून तर आपल्या राज्यात सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. कुठलीच पद्धत आपल्या वतीने जागी राहत नाही. जागं आपल्यालाच राहावं लागतं.

माझं सांगणं एवढंच. पुढची निवडणूक येईल तेव्हा उमेदवाराला तीन गोष्टी विचारा. निवडून आल्यावर तुम्ही कोणाला पाठिंबा देणार? पॅनेल किंवा पक्ष बदलणार असाल तर आधी आम्हाला सांगणार का? आणि उमेदवार बाई असेल तर, सही तुमचीच असेल ना? गटातल्या दहा जणींनी दहा पक्षांना मत दिलं तरी चालेल, तो ज्याचा त्याचा हक्क आहे. पण गटाची बैठक, गटाचं बँक खातं आणि गटाचा फलक कोणाच्या प्रचाराला द्यायचा नाही. तसा ठराव आताच, निवडणुकीच्या आधी, इतिवृत्तात लिहून ठेवा. नंतर पुढारी दारात उभा राहिला की नाही म्हणणं जड जातं. ठराव असला की त्याच्यापुढे वही उघडता येते.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं यावर बोला.