बायपास सर्जनांचे ओसरलेले दिवस

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९६७ साली रेने फावालोरो यांनी रुग्णाच्या पायातील शीर वापरून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला पर्यायी वाट काढली. पुढच्या दोन दशकांत ही बायपास शस्त्रक्रिया सर्वत्र रुळली आणि हृदयशल्यचिकित्सेला मान व पैसा दोन्ही मिळाले. शिक्षण मात्र लांबलचक होते: जनरल सर्जरीची पाच वर्षे आणि त्यापुढे छातीच्या शस्त्रक्रियेची दोन-तीन. शेवटी कामाला तोटा नसेल, या भरवशावर तरुण डॉक्टर तिशी ओलांडेपर्यंत शिकत राहत.

बायपाससाठी छातीचे हाड मधोमध कापावे लागते. बहुधा हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्रावर घेतले जाते आणि केसासारख्या धाग्याने शीर धमनीला शिवली जाते. याउलट डॉ. आंद्रेआस ग्रुएंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिचमध्ये एका रुग्णाच्या, तो जागा असतानाच, जांघेतून नळी सरकवली आणि तिच्या टोकाचा फुगा फुगवून अडथळा दूर केला. सुरुवातीच्या नळ्या त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात तयार केल्या होत्या. १९८६ मध्ये धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, आला आणि २००३ मध्ये औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला अमेरिकेत परवानगी मिळाली.

सर्जनांची खरी अडचण रुग्ण कोणाकडे आधी जातो, यात होती. छातीत दुखणारा माणूस प्रथम कार्डिऑलॉजिस्टला, म्हणजे शस्त्रक्रिया न करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला, गाठतो. अँजिओग्राफीही तोच करतो आणि बऱ्याचदा त्याच टेबलावर स्टेंट बसवून मोकळा होतो. बायपाससाठी रुग्ण सर्जनकडे पोचतो तो कार्डिऑलॉजिस्टच्याच चिठ्ठीने. अमेरिकेत २००१-०२ ते २००७-०८ या काळात लोकसंख्येच्या प्रमाणात बायपास एक-तृतीयांशाहून अधिक घटल्या. बायपासचे भरभराटीचे दिवस पाहून या शाखेत शिरलेले डॉक्टर नेमके याच सुमारास शिकून बाहेर पडत होते. मनाजोगी नोकरी मिळेना, म्हणून काहींनी आणखी एखादी फेलोशिप पत्करली. पुन्हा संधी मिळाली तर ही शाखा घेणार नाही, असे सांगणारेही निघाले. ही कुणकुण विद्यार्थ्यांपर्यंत गेली आणि प्रशिक्षणाच्या जागांपेक्षा अर्जदार कमी पडू लागले.

ओढ आटल्याने पुढे उलटीच चिंता उभी राहिली. २००९ मध्ये एका अभ्यासाने २०२० पर्यंत हृदयशल्यचिकित्सकांची टंचाई भासेल असा अंदाज वर्तवला, कारण जुनी पिढी निवृत्तीला आली होती. शिक्षण आटोपशीर करण्यासाठी अमेरिकेत एमडी या वैद्यकीय पदवीनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही सुरू झाला. २००९ मध्येच बायपास व स्टेंट यांची तुलना करणाऱ्या सिंटॅक्स चाचणीने तिन्ही धमन्यांच्या गुंतागुंतीच्या आजारात बायपासच सरस असल्याचे दाखवले. नळीवाटे झडप बसवण्याच्या नव्या उपचारासाठी मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१२ मध्ये कार्डिऑलॉजिस्ट व सर्जन यांचा संयुक्त सहभाग सक्तीचा केला. त्यामुळे या उपचारात तरी सर्जनला चिठ्ठीची वाट पाहावी लागली नाही.

भारतात या शाखेचा आरंभ दिमाखदार होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. आज मात्र एमबीबीएस, एमएस आणि मग तीन वर्षांचे एमसीएच अशी मजल मारण्याची तयारी थोड्यांचीच असते. २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि तो उपचार स्वस्त झाला. नीट-सुपरस्पेशालिटी या प्रवेशपरीक्षेच्या प्रवेशफेऱ्यांनंतर हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेच्या बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. कार्डिऑलॉजीसाठी मात्र चुरस असते.